‘गेलो’ आणि ‘गेले’ : सर्वनाम, लिंगओळख आणि आपल्या भाषांचा इतिहास

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.ए. भाग एकच्या वर्गाला ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. वह्या तपासताना एका वहीत ‘मी यात्रेला गेले’, ‘मी फार घाबरले’ अशी वाक्ये आढळली. हजेरीपटावरचे नाव मुलाचे होते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांची मराठीत लिंगाची चूक होतेच, या समजुतीने मी लाल शाईने प्रत्येक ‘गेले’चे ‘गेलो’ करून टाकले. वही परत घेताना हळू आवाजात उत्तर आले, “सर, ती चूक नव्हती.” मी त्याकडे लक्ष दिले नाही. पुढच्या निबंधात ‘मी’ हा शब्दच नव्हता. सगळीकडे ‘आम्ही’ होते. ‘आम्ही गेलो’, ‘आम्ही थांबलो’. ही लिहिण्याची ढब असावी असे समजून मी गुणही बरे दिले. मराठीत ‘आम्ही गेलो’ हे पुरुषाने म्हटले काय आणि बाईने म्हटले काय, क्रियापद बदलत नाही. आणि नेमक्या याच कारणासाठी तो शब्द निवडला गेला होता, हे माझ्या ध्यानात यायला वर्ष गेले. तोवर ती विद्यार्थिनी महाविद्यालय सोडून गेली होती.

ही हकिकत मी अध्यापककक्षात सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. आपल्याकडे तो म्हणजे तो आणि ती म्हणजे ती.” त्यांच्या या विधानाची ऐतिहासिक तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्याकडे, म्हणजे फारसी, उर्दू, दखनी, मराठी आणि सीमाभागापुरते बोलायचे तर कानडी, या भाषांच्या परंपरेत माणसाला कोणत्या शब्दाने संबोधावे, हे खरोखर इतके ठरलेले होते काय?

भाषांच्या रीती निरनिराळ्या

अरबी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात कळते की त्या भाषेत ‘तू’ सुद्धा दोन आहेत, पुरुषासाठी ‘अन्‌त’ आणि स्त्रीसाठी ‘अन्‌ति’. फारसीत याच्या अगदी उलट स्थिती आहे. तेथे ‘ऊ’ हे एकच सर्वनाम तो आणि ती या दोहोंसाठी येते, आणि क्रियापदही लिंगानुसार बदलत नाही. शेकडो वर्षे ज्या भाषेत आपल्याकडचे दरबार चालले, फर्माने निघाली आणि शायरी झाली, त्या भाषेत माणसाचा उल्लेख त्याचे लिंग न सांगता सहज करता येत असे. तुर्की भाषेतही तसेच आहे.

उर्दूने मधला मार्ग धरला. ‘वो’ हे सर्वनाम सर्वांना सारखे. मात्र ‘वो आता है’, ‘वो आती है’ असे क्रियापद लिंग उघड करते. व्याकरणकारांनी मुजक्कर आणि मुअन्नस असे दोनच वर्ग मानले. त्यातही एकमत नव्हते. ‘बुलबुल’ मुजक्कर की मुअन्नस, ‘कलम’ कोणत्या वर्गात, यावर दिल्ली आणि लखनौच्या उस्तादांनी किती वाद घातले, हे उर्दूच्या अध्यापकांना सांगायला नको. लखनवी घराण्यांतल्या स्त्रिया स्वतःविषयी बोलताना ‘हम जाते हैं’ म्हणत. पुल्लिंगी अनेकवचन स्त्रीच्या तोंडी शोभून दिसे, आणि त्याला कोणी चूक म्हणत नसे.

मराठीचे तीन लिंगांचे व्याकरण या सर्वांत कडक वाटते. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग हीच चौकट आहे. पण बारकाईने पाहिले तर या चौकटीत ठिकठिकाणी मोकळी दारे आढळतात. ‘मी जाईन’ या भविष्यकाळात लिंग नाही. उर्दूत मात्र ‘जाऊंगा’ आणि ‘जाऊंगी’ वेगळे करावेच लागते. ‘मी भाकरी खाल्ली’ यात खाणाऱ्याचे लिंग कळत नाही, कळते ते भाकरीचे. ‘तुम्ही आलात’, ‘आपण बसा’ या आदरार्थी रूपांतही लिंग नाही. माझ्या विद्यार्थिनीने शोधले ते ‘आम्ही’चे दार असेच एक.

आणि बोलीकडे वळले की चौकट आणखी सैल होते. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात. पुण्याचा माणूस हे ऐकून हसतो, परंतु ते म्हणणाऱ्या बाईच्या बाईपणाविषयी त्या भागात कोणाला शंका येत नाही. शेजारच्या कानडीत ‘नानु बरुत्तेने’ हे पुरुषाचे आणि स्त्रीचे वाक्य एकच आहे, आणि ‘अवरु’ हे आदरार्थी सर्वनामही दोघांना सारखेच लागते. तात्पर्य, क्रियापदाचा शेवट आणि माणसाची ओळख यांची गाठ निसर्गाने बांधलेली नाही. ती रिवाजाने बांधलेली आहे, आणि दर पन्नास कोसांवर वेगळी आहे.

शायरीतील आणि भक्तीतील आवाज

साहित्यात हे अधिक स्पष्ट होते. उर्दू गझलेत माशूक पुल्लिंगी क्रियापदाने येतो. फारसीच्या निर्लिंगी ‘ऊ’चा वारसा दोन लिंगांच्या भाषेत आणताना शायरांनी पुल्लिंग पत्करले आणि तोच संकेत झाला. मौलाना हाली यांनी १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त गझलेच्या या संकेताची चर्चा केली आहे. वाचक मात्र तो संकेत जाणून असतो. ‘वो आये’ म्हटल्याने कोणी गोंधळत नाही.

याच्या उलट बाजूला रेख्ती आहे. पुरुष शायराने स्त्रीच्या तोंडची भाषा, स्त्रीलिंगी क्रियापदे वापरून लिहिलेली ही शायरी. लखनौचे सआदत यार खान रंगीन आणि इन्शा अल्ला खान इन्शा ही त्यातली मोठी नावे. इन्शा म्हणजे ‘दरिया-ए-लताफत’ या उर्दूच्या आद्य व्याकरणग्रंथाचे कर्ते. ज्याने भाषेचे नियम लिहिले त्यानेच ‘मैं आई’ म्हणत शेर लिहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण रेख्तीचे मूळ लखनौच्याही आधी आपल्या दख्खनमध्ये सापडते. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत हाशमी विजापुरी याने स्त्रीच्या आवाजात दखनी गझला लिहिल्या. त्याच परिसरातील सूफींनी जात्यावर दळताना म्हणायची चक्कीनामे आणि चरख्यावरची चरखानामे रचली; त्यांचा बोल घरातल्या बाईचा आहे.

मराठी संतांची परंपरा वेगळी नाही. ज्ञानदेवांच्या विरहिण्यांत बोलणारी ‘मी’ ही स्त्री आहे. विठ्ठल पुल्लिंगी, पण ‘विठाई’ स्त्रीलिंगी. ज्ञानेश्वर पुरुष, पण वारकऱ्यांसाठी ते ‘माउली’. आणि वारीत चालणारा प्रत्येक जण, मिशीवाला असो की नऊवारीतला, दुसऱ्याला ‘माउली’च म्हणतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शायराने स्त्रीचा आवाज घेतला म्हणजे तो स्वतःला स्त्री मानत होता, असा अर्थ काढणे अशास्त्रीय ठरेल. रेख्तीचा बराच भाग पुरुषांच्या मैफलीतील करमणुकीसाठी होता आणि त्यात स्त्रियांची थट्टाही आहे. मुद्दा एवढाच की ‘मैं आई’ म्हणणारा पुरुष किंवा ‘माउली’ म्हटलेला संत यामुळे भाषा मोडली नाही, आणि ऐकणाऱ्यांचा धर्मही बुडाला नाही.

शब्द आणि दर्जा

आता काव्यातून समाजात येऊ. येथे तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो, त्या सुट्या करायला हव्यात.

इस्लामी फिक्हमध्ये ‘खुन्सा’ ही संज्ञा आहे. जन्मतः शरीराचे लिंग स्पष्ट नसलेली व्यक्ती, असा तिचा अर्थ. बाराव्या शतकातील मरगीनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात खुन्साविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. वारसा किती, नमाजाच्या सफेत जागा कोणती, असे व्यवहाराचे प्रश्न फकीहांनी त्यात सोडवले आहेत. त्यांची उत्तरे आज सर्वांना पटतील असे नाही. परंतु अशी व्यक्ती अस्तित्वात आहे, ती जमातीचा भाग आहे आणि तिच्यासाठी जागा ठरवलीच पाहिजे, हे त्यांनी गृहीत धरले होते.

‘ख्वाजासरा’ हे पदनाम होते. ‘ख्वाजा’ हा आदराचा शब्द त्यात आहे. गुजरातच्या मोहिमेत १२९९ मध्ये हाती आलेला मलिक काफूर पुढे अलाउद्दीन खिलजीचा सेनापती होऊन देवगिरी, वरंगळ आणि द्वारसमुद्रापर्यंत गेला. अवधमध्ये अल्मास अली खान हे ख्वाजासरा मोठ्या मुलखाचा महसूल सांभाळत होते. यातील अनेकांवर लहानपणी सक्तीने शस्त्रक्रिया झालेली असे. त्या क्रौर्यावर दरबारी वैभवाचे पांघरूण घालण्याचे कारण नाही. शिवाय ख्वाजासरा पुरुषी नावाने आणि पुरुषी पोशाखात वावरत.

हिजडा समाज यापेक्षा वेगळा. त्यांच्यात गुरू-चेला परंपरा आहे, नात्यांना ‘नानी’, ‘खाला’ असे स्त्रीवाचक शब्द आहेत आणि आपसांतली बोली स्त्रीलिंगी आहे. मराठा राज्यात काही हिजड्यांना गावोगाव हक्क आणि इनामे होती, हे लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात मुंबई इलाख्याच्या दफ्तरावरून दाखवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने ते हक्क पुढे चालू ठेवण्यास नकार दिला.

सीमाभागातील वाचकांना जोगप्पा वेगळे सांगायला नकोत. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले हे लोक लुगडे नेसतात, पण नावात ‘अप्पा’ म्हणजे बाप आहे. त्याच परंपरेतील मंजम्मा जोगती यांच्या नावात ‘अम्मा’ आहे. त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वृत्तपत्रांनी त्यांच्याविषयी ‘त्या’ असेच लिहिले, आणि कोणत्याही वाचकाला ते वाक्य समजायला अडचण पडली नाही.

सरकारी नोंदवहीतील ‘तो’

मग ‘तो म्हणजे तो’ हा कडकपणा आला कोठून? पूर्वी समाजात हेटाळणी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण ओळख एकदाच ठरवून कागदावर शिक्का मारायचा, आणि ज्याची ओळख त्यालाच विचारायचे नाही, ही पद्धत विशेषेकरून वसाहतकाळातील कायद्याची आहे.

१८७१ चा सत्ताविसावा कायदा आपण ‘गुन्हेगार जमाती कायदा’ म्हणून शिकवतो. त्याचा दुसरा भाग हिजड्यांसंबंधी होता, हे पुष्कळदा राहून जाते. त्यातील व्याख्या ‘पुरुष लिंगाच्या व्यक्ती’ अशी सुरू होते, आणि स्वतःची कबुली किंवा वैद्यकीय तपासणी हे पुरावे मानते. संशयितांची नावे, राहण्याची ठिकाणे आणि मालमत्ता यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात दिसली तर दोन वर्षांपर्यंत कैद. तिला मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, अज्ञानाचे पालक होता येणार नाही. हा दुसरा भाग १९११ मध्ये रद्द झाला. म्हणजे चाळीस वर्षे पोशाख हाच पुरावा आणि पोशाख हाच गुन्हा होता.

ब्रिटिश मुलूख संपला तेथे हे थांबले नाही. निजामाच्या हैदराबादेत १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, त्याच धर्तीचा कायदा झाला. तो राज्य बदलले, देश स्वतंत्र झाला, तरी पुस्तकात राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. कर्नाटकात तर २०११ मध्ये, पोलीस कायद्यात नवे कलम घालून, अशाच नोंदवहीची तरतूद करण्यात आली होती.

कायद्यातील सर्वनाम किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण स्त्रियांच्या इतिहासातून देतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या तेराव्या कलमानुसार कायद्यातील पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश होतो, संदर्भ विरुद्ध नसेल तर. कलकत्त्याच्या रेजिना गुहा एम.ए., बी.एल. होत्या. त्यांनी वकिलीची सनद मागितली तेव्हा हेच कलम पुढे केले. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने वकिलांविषयीच्या कायद्यातील ‘तो’ हा पुरुषच, असा निर्वाळा दिला. शेवटी १९२३ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एका ‘तो’मध्ये ‘ती’ मावते की नाही, यावर एका शिकलेल्या बाईची उपजीविका अडली होती. सर्वनाम ही क्षुल्लक बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

विचारून लिहिणे

स्वतंत्र भारतात हळूहळू उलट दिशेने पावले पडली. २००९ मध्ये निवडणूक आयोगाने मतदार यादीत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा पर्याय दिला. २०११ च्या जनगणनेत प्रथमच असा पर्याय आला आणि ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद त्याखाली झाली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांच्या खंडपीठाने नालसा खटल्यात तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली, आणि आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे असे सांगितले. २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी कायदा केला. तो पुरेसा आहे की नाही याविषयी त्या समाजातूनच तीव्र मतभेद व्यक्त झाले. तपशील काही असो, १८७१ च्या नोंदवहीने जे कधी विचारले नव्हते ते २०१४ च्या निकालाने विचारले : तुम्ही स्वतःला काय म्हणता?

मराठी साहित्यातही हे उत्तर आले. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ मध्ये ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ या नावाने मराठीत प्रसिद्ध झाले. शीर्षकात दोनदा ‘मी’ आहे आणि क्रियापद एकही नाही. पुल्लिंगी जातिवाचक शब्द आणि स्त्रीलिंगी नाव शेजारी शेजारी उभे आहेत.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप व्याकरणाचा. ‘ज्याला जे हवे ते म्हणू लागलो तर भाषेचे काय?’ वर पाहिल्याप्रमाणे मराठीला आणि उर्दूला हे नवे नाही. मराठीपुरते एक उदाहरण पुरेसे आहे. ‘ते’ हा शब्द घ्या. ‘ते आले’ म्हटले की गुरुजी आले, वडील आले. तो आदर आहे. ‘ते आलं’ म्हटले आणि बोलणे मोठ्या माणसाविषयी असेल, तर तो उपहास आहे. चौकात तृतीयपंथी व्यक्ती दिसल्यावर पोरे नेमके हेच म्हणतात. लेकराला ‘ते’ म्हणणे हे लाड, मोठ्याला म्हणणे ही अवहेलना. सर्वनाम तेच, फक्त क्रियापदाच्या शेवटाने माणूस वस्तू होतो. मराठीभाषकाला हा फरक कोणी व्याकरणाच्या तासात शिकवत नाही. तो ओळखतो, कारण प्रश्न व्याकरणाचा नसून आदराचा असतो. जी भाषा वडिलांसाठी एकवचनाचे अनेकवचन करते, ती एका विद्यार्थिनीसाठी ‘गेलो’चे ‘गेले’ सहज करू शकते.

दुसरा आक्षेप धर्माचा. शरीर, शस्त्रक्रिया, विवाह, वारसा या प्रश्नांवर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका, ही सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीतील शिकवण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कोणते नाव लागते आणि कोणते नाव सन्मान देते, हे ज्याला हाक मारायची त्याच्याखेरीज दुसरे कोण सांगणार?

समारोप

थोडक्यात, ‘तो म्हणजे तो’ ही आपली परंपरा आहे, या म्हणण्याला इतिहासाचा आधार मिळत नाही. आपल्या भाषांनी निर्लिंगी ‘ऊ’ वापरला, पुल्लिंगी माशूक आणि स्त्रीलिंगी माउली स्वीकारली, ‘मी येतो’ म्हणणारी बाई आणि ‘हम जाते हैं’ म्हणणारी बेगम मान्य केली. माणसाला न विचारता त्याचे लिंग कायमचे नोंदवणे हीच तुलनेने नवी गोष्ट आहे, आणि आपल्या महाविद्यालयांतील हजेरीपट त्या नोंदवहीचेच वारस आहेत.

अध्यापक बंधुभगिनींना माझी विनंती साधी आहे. हजेरीपट बदलणे आपल्या हाती नसेल, तरी वर्गात कोणत्या नावाने हाक मारायची हे आपल्या हाती आहे. खात्री नसेल तेथे ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ही रूपे मराठीने तयारच ठेवली आहेत. आणि प्रथमपुरुषी वाक्यातील क्रियापद अनपेक्षित वाटले, तर लाल शाई लावण्यापूर्वी एकदा विचारावे. ‘मी’ या शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याला तपासणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असतो. मी विचारले नाही, आणि एका विद्यार्थिनीला वर्षभर ‘आम्ही’च्या आडोशाने लिहावे लागले. ती दुरुस्ती आता त्या वहीत करता येणार नाही. पुढच्या वह्या अजून यायच्या आहेत.